ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळाडूंना टिकवू का शकत नाहीत? आणि ‘सोडून जाणं’ मोजायचं कसं?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला. ऑक्टोबर २०१० मध्ये दर महिन्याला पैसे भरून तो खेळणारे सदस्य १ कोटी २० लाख होते. त्यानंतर आकडा घसरत गेला. नोव्हेंबर २०१४ मध्ये गेमचा नवा मोठा भाग आला आणि सदस्य पुन्हा १ कोटीच्या वर गेले. मार्च २०१५ अखेर ते ७१ लाखांवर आले, जूनअखेर ५६ लाखांवर. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने सदस्यांची संख्या जाहीर करणंच थांबवलं.

म्हणजे नवीन प्रदेश, नव्या मोहिमा, नवे शत्रू, सगळं ताजं ताजं आणून दिलं आणि साधारण सात महिन्यांत चाळीस लाखांहून जास्त सदस्य कमी झाले. दुसरं उदाहरण अलीकडचं. अॅमेझॉनचा न्यू वर्ल्ड हा गेम २८ सप्टेंबर २०२१ ला आला. सुरुवातीच्या दिवसांत स्टीमवर एकाच वेळी ९ लाखांहून जास्त लोक तो खेळत होते. काही महिन्यांतच हा आकडा एक लाखाच्याही खाली गेला.

का बरं? या एका ‘का’वर गेली वीस-पंचवीस वर्षं संशोधन चाललंय. मी सांख्यिकीचा विद्यार्थी, आणि माझं काम ‘एखादी घटना घडायला किती वेळ लागतो’ या प्रकारच्या डेटावर आहे. त्यामुळे हा प्रश्न मला गेमपेक्षा पद्धतीसाठी जास्त आवडतो. तुम्ही पेट, नेट किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत असाल तर गेममध्ये रस नसला तरी पुढे वाचा. साधा दिसणारा प्रश्न संशोधनाचा प्रश्न कसा होतो, हे इथे चांगलं दिसतं.

आधी गेमचा प्रकार समजून घेऊ

आपल्याकडे बहुतेकांना पबजी किंवा बीजीएमआय माहीत असतं. तिथे अर्ध्या तासात मॅच संपते आणि पुढची मॅच शून्यापासून सुरू होते. एमएमओआरपीजी म्हणजे हजारो लोकांनी एकत्र खेळायचा भूमिकांचा खेळ. तो असा संपत नाही. तुम्ही कॉम्प्युटर बंद करून झोपलात तरी ते जग चालूच असतं. तुमचं पात्र महिनोन्‌महिने वाढत जातं. मोठ्या मोहिमांना ‘रेड’ म्हणतात. रेडमध्ये कामं वाटलेली असतात: एकाने शत्रूचा मार अंगावर घ्यायचा, दुसऱ्याने जखमींना बरं करायचं, बाकीच्यांनी हल्ला करायचा. त्यासाठी खेळाडू ठरलेला गट बांधतात, त्याला ‘गिल्ड’ म्हणतात.

भारतात हा प्रकार कधी फार रुजला नाही. ठाणे-डोंबिवलीच्या सायबर कॅफेंमध्ये त्या काळात चालायचं ते काउंटर-स्ट्राइक, तासाचे पैसे देऊन. वॉरक्राफ्टला महिना १५ डॉलरच्या आसपास, तेही क्रेडिट कार्डवर, आणि सर्व्हर देशाबाहेर. त्यामुळे आपण हा विषय थोडा लांबून बघतोय. संशोधनात त्याचा तोटा होतोच असं नाही.

पहिलं उत्तर: कंटाळा

कोणालाही विचारा, पहिलं उत्तर हेच येतं. आणि त्यात तथ्य आहे. गेम बनवणाऱ्यांना नवा भाग तयार करायला वर्ष-दोन वर्षं लागतात, खेळाडू तो काही आठवड्यांत फस्त करतात. ही शर्यत कंपनी जिंकूच शकत नाही. म्हणून मग वेळ ताणायच्या युक्त्या येतात: तेच काम शंभर वेळा करायला लावणं, रोज लॉगिन केल्यावर बक्षीस, आठवड्यातून एकदाच उघडणारी मोहीम.

शिवाय सगळ्यांना एकच गोष्ट नको असते. रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: मिळवणारे, शोधणारे, गप्पा मारणारे आणि इतरांना छळणारे. निक यी यांनी २००६ मध्ये सुमारे ३,००० खेळाडूंच्या सर्वेक्षणावरून दाखवलं, की हे कप्पे एकमेकांपासून इतके वेगळे नसतात. त्यांना तीन मोठ्या प्रेरणा सापडल्या: यश, माणसं आणि त्या जगात रमून जाणं. एकाच खेळाडूत तिन्ही कमी-जास्त असू शकतात. नवा भाग आला की यशाच्या मागे असलेल्याची भूक भागते, पण माणसांसाठी आलेल्याचं काय?

आता कंटाळ्याच्या उत्तराला धक्का देणारं उदाहरण बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची जुनी, सुरुवातीच्या वर्षांतली आवृत्ती पुन्हा सुरू केली. नवीन काहीच नाही, सगळं आधी खेळलेलं. तरी लोकांनी लॉगिनसाठी रांगा लावल्या. नवं काही नाही हे सोडण्याचं एकमेव कारण असतं, तर हे व्हायलाच नको होतं.

दुसरं उत्तर: माणसं

कळव्यात राहणाऱ्याला हे उत्तर समजावून सांगावं लागत नाही. कळव्याला फास्ट लोकल थांबत नाही, आणि ठाण्याकडे जाणारी स्लो डोंबिवली-दिवा-मुंब्र्यातूनच भरून येते. तरी माणसं वर्षानुवर्षं तीच गाडी, तोच डबा धरतात. पाच मिनिटांनी थोडी रिकामी गाडी असली तरी नाही. कारण डब्यात ‘ग्रुप’ असतो. कोणी आत सरकून जागा करून देतं, कोणी भजन म्हणतं, दसऱ्याला डब्याची पूजा होते, लेडीज डब्यात हळदीकुंकू होतं. मग ग्रुपमधल्या एकाची बदली होते, एक रिटायर होतो, एकीची शिफ्ट बदलते. उरलेला एक दिवस विचार करतो, की आता ८:१० काय आणि ८:२० काय! गाडी तीच आहे, गर्दी तेवढीच आहे. तो मात्र त्या गाडीतून ‘चर्न’ झाला. खेळाडू किंवा ग्राहक निघून जाण्याला या विषयात चर्न म्हणतात.

गिल्डचं असंच असतं, फक्त तिथे गणित जास्त कडक आहे. समजा एका रेडला ४० जण लागतात, आणि प्रत्येक जण ठरलेल्या रात्री हजर असण्याची शक्यता ९५ टक्के आहे. सगळ्यांचं येणं-न येणं एकमेकांवर अवलंबून नाही असं धरलं, तर चाळीसच्या चाळीस हजर असण्याची शक्यता ०.९५ चा ४० वा घात, म्हणजे सुमारे १३ टक्के. २५ जणांसाठी ती २८ टक्के होते आणि १० जणांसाठी ६० टक्के. गोविंदा पथकात खालच्या थराचे दोन जण सरावाला आले नाहीत तर वरचे थर लागत नाहीत, तसंच हे. म्हणून गिल्ड जास्तीची माणसं जोडून ठेवते. मग त्या जास्तीच्या माणसांना बाहेर बसावं लागतं, ती वैतागून जातात, आणि पुन्हा माणसं कमी पडतात.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये सुरुवातीला मोठ्या रेड ४० जणांच्या होत्या. जानेवारी २००७ च्या नव्या भागात त्या २५ आणि १० जणांच्या केल्या. वरच्या गणिताने बघितलं तर हा बदल शहाणपणाचाच. पण ज्या गिल्डमध्ये ४० जण घट्ट बांधले गेले होते, तिने उरलेल्या १५ जणांना काय सांगायचं? जमवाजमव सोपी करणारा नियमसुद्धा आधी जमलेला गट मोडू शकतो.

गाडीच बदलली तर काय होतं, तेही कळव्याने पाहिलंय. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने काही साध्या लोकलच्या जागी एसी लोकल सुरू केल्या. कळव्यात प्रवाशांनी कारशेडमधून निघालेली एसी लोकल अडवली, बदलापूरलाही आंदोलन झालं, आणि थोड्याच दिवसांत रेल्वेने नव्या १० एसी फेऱ्या मागे घेतल्या. गेममध्ये याचं जवळचं उदाहरण म्हणजे २००३ साली आलेला स्टार वॉर्स गॅलेक्सीज. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने त्यातली पात्रांच्या व्यवसायांची सगळी रचना एका झटक्यात बदलली. खेळाडूंनी दोन-दोन वर्षं घालून कमावलेलं कौशल्य निरुपयोगी झालं. अनेक जण गेले, त्यांच्यामागे त्यांचे सोबतीही गेले. तिथे रूळ अडवायची सोय नव्हती. डिसेंबर २०११ मध्ये गेम बंद झाला.

थांबा, इतकं सोपं नाही

‘मित्र गेले म्हणून खेळाडू गेला’ हे वाक्य पटकन पटतं. पटकन पटणाऱ्या वाक्याला संशोधनात दोनदा तपासायचं असतं.

पहिली अडचण. निकोला ड्युशनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधली प्रत्यक्ष नोंद जमवून बघितलं, की लोक बराच वेळ एकटेच खेळतात. इतर खेळाडू त्यांना लागतात ते आजूबाजूला वावर म्हणून, आपलं पात्र बघणारे प्रेक्षक म्हणून. म्हणजे माणसं लागतात, पण गिल्डचा सोबतीच लागतो असं नाही. गाडीत ग्रुप नसलेला, कानात हेडफोन घालून उभा असलेला माणूसही रिकाम्या डब्यात एकटा बसायला कचरतोच की.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. जया कावळे, आदित्य पाल आणि जयदीप श्रीवास्तव यांनी २००९ मध्ये एव्हरक्वेस्ट २ या गेमच्या डेटावर काम केलं. खेळाडू स्वतः किती गुंतलाय हे आणि त्याच्या सोबत्यांचा प्रभाव, दोन्ही एकत्र धरले तर कोण सोडणार याचा अंदाज सुधारतो, असं त्यांनी दाखवलं. अंदाजासाठी हे उत्तम आहे. पण अंदाज वेगळा आणि कारण वेगळं.

समजा तुमच्या डेटात दिसलं, की अ ने मार्चमध्ये गेम सोडला आणि त्याचा मित्र ब ने एप्रिलमध्ये. याची किमान तीन स्पष्टीकरणं आहेत. एक, अ गेला म्हणून ब गेला, म्हणजे प्रभाव. दोन, अ आणि ब मुळात सारख्या स्वभावाचे, सारख्या वयाचे, म्हणून तर मित्र झाले, आणि दोघांचा कंटाळा एकाच सुमारास आला. तीन, दोघांच्याही परीक्षा आल्या, किंवा दोघांवरही कंपनीचा एकच वाईट बदल आदळला. नुसतं निरीक्षण करून जमवलेल्या डेटावरून पहिलं आणि दुसरं वेगळं काढणं किती अवघड आहे, हे शालिझी आणि थॉमस यांनी २०११ मध्ये गणिताने दाखवलं. पेटच्या मुलाखतीत कोणी ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे’ हे पाठ वाक्य विचारलं, तर अ आणि ब चं हे उदाहरण द्या.

यातून विश्लेषणासाठी एक थेट परिणाम निघतो. बहुतेक साध्या पद्धती धरून चालतात की प्रत्येक खेळाडू ही स्वतंत्र नोंद आहे. इथे तो स्वतंत्र नाही. एका गिल्डमधले ४० जण म्हणजे ४० स्वतंत्र पुरावे नसतात. तसं धरलंत तर तुमचे निष्कर्ष आहेत त्यापेक्षा पक्के दिसतील. मघाशी रेडच्या गणितात मीही सोयीसाठी तेच धरलं होतं. मॅचच्या रात्री मात्र एकदम दहा जण गायब असतात.

‘सोडलं’ म्हणजे नक्की काय?

आता माझ्या आवडीचा भाग. खेळाडू राजीनामा देत नाही. तो फक्त येत नाही. किती दिवस आला नाही म्हणजे सोडलं म्हणायचं? सात दिवस धरलेत तर गावी गेलेला, आजारी पडलेला, प्रॅक्टिकलची परीक्षा असलेला, सगळे ‘सोडून गेले’. तीन महिने धरलेत तर तुम्हाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. फायनल फँटसी १४ च्या निर्मात्याने, नाओकी योशिदा यांनी, तर जाहीरच सांगितलंय की मधल्या काळात सदस्यत्व बंद करा, दुसरे गेम खेळा, नवं काही आलं की परत या. अशा गेममध्ये जाणं आणि येणं हाच नेहमीचा क्रम असतो. तिथे ‘सोडलं’ हा शब्द कुठे लावायचा हे तुम्हीच ठरवायचं, कारणासकट लिहायचं, आणि मर्यादा बदलून निकाल टिकतो का हे तपासायचं.

दुसरा मुद्दा अपूर्ण नोंदींचा. तुम्ही डेटा गोळा करणं थांबवता तेव्हा काही खेळाडू अजून खेळत असतात. त्यांचं काय करायचं? हाताने करून बघू. समजा १० खेळाडू आहेत. दुसऱ्या आठवड्यात २ जण सोडतात. तिसऱ्या आठवड्यात ३ जणांची नोंद संपते, कारण ते उशिरा सामील झाले होते आणि तुमचा अभ्यास तिथे थांबला. चौथ्या आठवड्यात उरलेल्या ५ पैकी १ सोडतो. चौथ्या आठवड्यानंतर किती टक्के टिकले?

एक जण म्हणेल, १० पैकी ३ गेले, म्हणून ७० टक्के टिकले. दुसरा म्हणेल, अपूर्ण नोंदी काढून टाका, ७ पैकी ४ टिकले, म्हणजे ५७ टक्के. दोन्ही चूक. पहिल्याने ते तिघे शेवटपर्यंत टिकले असं गृहीत धरलं. दुसऱ्याने त्यांचे पहिले दोन आठवडे फुकट घालवले. कॅप्लन आणि मायर यांनी १९५८ मध्ये दिलेली रीत अशी: दर वेळी त्या क्षणी जे नजरेसमोर आहेत त्यांच्यातलेच किती टिकले ते बघा आणि गुणत जा. आधी १० पैकी ८ म्हणजे ०.८०, मग ५ पैकी ४ म्हणजे ०.८०. गुणाकार ०.६४. उत्तर ६४ टक्के. औषधांच्या चाचण्यांमध्ये रुग्णांसाठी वापरतात तीच ही रीत.

पण या रीतीची एक अट आहे: नोंद संपण्याचं कारण आणि सोडण्याची शक्यता यांचा एकमेकांशी संबंध नसावा. आपल्या देशातलं उदाहरण घ्या. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला त्याचे सर्व्हर भारतासाठी बंद झाले. हा एमएमओआरपीजी नव्हे, पण आपला प्रश्न इथे स्वच्छ दिसतो. त्या दिवशी भारतातले सगळे खेळाडू ‘चर्न’ झाले का? नाही. त्यांनी सोडलं नाही, त्यांच्यासाठी दार बंद झालं. त्यांची नोंद तिथे अपूर्ण राहिली. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आला, जुन्या खात्यातला डेटा नव्या गेममध्ये आणायची सोय दिली, आणि मधल्या काळात पांगलेले ग्रुप पुन्हा जमायला लागले. जुलै २०२२ मध्ये तोही अॅप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. असा बाहेरून झालेला खंड कोणी मुद्दाम घडवू शकत नाही. कोणते ग्रुप परत जमले आणि कोणते नाही, यावर कोणाला काम करावंसं वाटलं तर विषय चांगला आहे.

कोणाला विचारताय आणि कोणासाठी?

सर्वेक्षण करायचं ठरवलं की आपण गेमच्या ग्रुपवर गुगल फॉर्म टाकतो. तो फॉर्म भरतात ते अजून खेळणारे. ज्यांच्याबद्दल प्रश्न आहे ते तिथे नसतातच. ८:१० च्या डब्यात उभं राहून ‘लोक ही गाडी का सोडतात’ असं विचारण्यासारखं झालं. सोडून गेलेले शोधायला कष्ट पडतात. जुन्या गिल्डच्या सदस्यांच्या याद्या, ओळखीतून ओळख, हे करावं लागतं. प्रबंधाचं खरं वजन तिथेच येतं.

आणि एक प्रश्न स्वतःला विचाराच: टिकवणं चांगलं कोणासाठी? रोजच्या लॉगिनचं बक्षीस चुकू नये म्हणून रात्री एक वाजता पाच मिनिटं गेम उघडणारा मुलगा कंपनीच्या तक्त्यात ‘टिकलेला’ दिसतो. त्याला मजा येतेय का, हे त्या तक्त्यात नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डरचा समावेश आहे, आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. तुमचं संशोधन लोकांना धरून ठेवायला वापरलं जाऊ शकतं. म्हणून लॉगिनच्या दिवसांसोबत खेळाडूचं समाधानही मोजा. अठरा वर्षांखालील मुलं असतील तर पालकांची आणि नीतिसमितीची परवानगी आधी घ्या, मागाहून नाही.

आता तुम्ही करून बघा

माझं मत एका वाक्यात सांगायचं तर असं: खेळाडू बहुतेक वेळा गटातून सुटतो आणि मग गेममधून, पण आपण मात्र एकेकट्याला मोजत बसतो. हे मत आहे, सिद्धांत नव्हे. तपासायला मोकळे आहात.

त्यासाठी महागडा गेम किंवा कंपनीचा डेटा लागत नाही. तुमच्या ओळखीचा, तुम्हाला परवानगी देईल असा एखादा गट घ्या: टेनिस बॉलची क्रिकेट टीम, बीजीएमआयचा स्क्वॉड, अभ्यासिकेतला ग्रुप, डब्यातला ग्रुप. एका वहीत चार रकाने आखा: सामील झाल्याची तारीख, शेवटचं दिसल्याची तारीख, अजून येतो का, आणि कोणासोबत यायचा. नावं न लिहिता नंबर द्या. ‘सोडलं’ म्हणजे किती दिवस, हे डेटा बघायच्या आधी लिहून ठेवा. मग वरच्या रीतीने हातानेच वक्र काढा, आणि चौथ्या रकान्याकडे बघा. जोडीने गेलेले किती, एकटे गेलेले किती? जोडीने गेलेल्यांसाठी मघाची तिन्ही स्पष्टीकरणं लिहा आणि प्रत्येकासमोर लिहा, की हे खोटं असेल तर मला डेटात काय दिसायला हवं.

एवढं दोन पानांत मांडता आलं तर गाईडसमोर न्यायला तुमच्याकडे विषयाच्या नावापेक्षा जास्त काहीतरी असेल.